फुटलेला डॅशबोर्ड फेकण्यापूर्वी

टॅक्सी चालवणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य गाडीच्या आत जाते. घराच्या भिंतीला पोपडे आले तर ते रोज डोळ्यांना खुपतात. मग दिवसाचे दहा-बारा तास ज्या डॅशबोर्डकडे पाहत काढायचे, तोच चिरलेला असेल, दरवाजाचे पॅड खडखडत असेल आणि गिअरजवळचे कव्हर सेलोटेपने धरून ठेवलेले असेल, तर त्या माणसाला काय वाटत असेल? मागे बसणारा हा विचार करत नाही. तो नाक मुरडतो. मोबाइलवरून गाडी मागवणारा तर उतरल्यावर दोन तारे कमी देऊन मोकळा होतो.

या सदरात आम्ही दाखले, कर्जाचे हप्ते, मुलांचे फॉर्म यांविषयी लिहीत आलो. आज गाडीच्या आतल्या प्लास्टिकविषयी लिहीत आहोत, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण देवनार, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्यात टॅक्सी, टुरिस्ट गाडी किंवा शाळेची व्हॅन चालवून घर चालवणारी कुटुंबे थोडी नाहीत. गाडी हे त्यांचे भांडवल आहे. त्या भांडवलाचा एखादा कोपरा मोडला की दुकानदार एकच वाक्य ऐकवतो, "भाऊ, हे रिपेअर होत नाही, पूर्ण पीस बदलावा लागेल." आमचे म्हणणे असे की हे वाक्य पुष्कळदा खरे नसते. ते कधी खरे आणि कधी खोटे, हे आपल्याला कळले पाहिजे.

पत्र्याचा जमाना आणि प्लास्टिकचा जमाना

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे माहेर आपल्या शेजारीच, कुर्ल्याला. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. त्याच घराण्यातली पुढची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ज्यांनी ती चालवली त्यांना आठवत असेल, आत बराचसा रंगवलेला पत्रा, बाकावर रेक्झीन आणि प्लास्टिक बेताचेच. पत्र्याला पोचा आला तर डेंटर ठोकून देई, रंग उडाला तर पेंटर हात मारी, रेक्झीन फाटले तर शिवणारा शिवून देई. मोडलेली वस्तू नीट होते, हे तेव्हा कुणाला पटवून द्यावे लागत नव्हते.

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा लागू झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तिच्या जागी आलेल्या गाड्यांत आतला पत्रा जवळजवळ दिसतच नाही. डॅशबोर्ड, दरवाजाची पॅडे, खांबांवरची कव्हरे, एसीच्या जाळ्या, सगळे प्लास्टिक. पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रीला या प्लास्टिकची विद्या कुणी शिकवली नाही. म्हणून "बदला" हा शब्द रूढ झाला.

प्लास्टिक का मोडते?

तीन शत्रू आहेत. पहिला ऊन. उन्हातील अतिनील किरणे प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. मग काळा रंग राखाडी पडतो, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि दाबले की तडा जातो. दुसरा शत्रू उष्णता. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडक उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश सेल्सियस भरले. आपल्याकडे ऊन त्या वाळवंटाइतके नसेल, पण काच बंद करून स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीचे स्टिअरिंग हाताला कसे चटका देते, हे सांगायला नको. मऊ रेक्झीनसारख्या प्लास्टिकला मऊपणा देणारे जे तेलकट द्रव्य असते, ते या उष्णतेने हळूहळू बाहेर पडते. समोरच्या काचेवर आतून जो चिकट धूसर थर बसतो, त्यात हेच द्रव्य असते. ते गेले की प्लास्टिक कडक होते आणि चिरते.

तिसरा शत्रू मुंबईचा दमट पावसाळा. काही गाड्यांच्या बटणांवर आणि हँडलवर हाताला मखमलीसारखा लागणारा थर असतो. दमट हवेने तो सुटतो आणि चिकट होतो. लोकांना वाटते कुणीतरी चहा सांडला.

चौथा शत्रू आपण स्वतः आणतो, तो म्हणजे भलते पॉलिश. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने पुसलेले प्लास्टिक त्या दिवशी चकचकीत दिसते. पण काही प्लास्टिकमध्ये हे द्रव मुरतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी बारीक तड्यांचे जाळे उमटते.

फेकलेला तुकडा कुठे जातो?

हे देवनारच्या माणसाने देवनारच्या माणसाला सांगायचे म्हणजे विचित्रच. १९२७ पासून मुंबईचा कचरा आपल्या दारात येऊन पडतो आहे. २०१६ च्या जानेवारी अखेरीस डम्पिंगला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि तिचा धूर उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रांतही दिसला. उपग्रहाने पाहिला तो धूर आपल्या लेकरांनी छातीत घेतला. रेक्झीनच्या जातीचे प्लास्टिक जळाले की मिठाच्या आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात. डॅशबोर्डमध्ये वापरले जाणारे एबीएस जळाले की सायनाइडच्या जातीचा वायूही निघतो. दादर-माटुंग्याला बदललेला डॅशबोर्ड तिथे राहत नाही. फिरत फिरत तो मंडाल्याच्या भंगार गोदामात, धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये नाही तर थेट डम्पिंगवर येतो. म्हणून दुरुस्त केलेला प्रत्येक तुकडा हा आपल्या हवेतून वजा झालेला थोडासा धूर आहे, असे आम्ही समजतो.

आधी ओळख, मग उपाय

आता कामाचे. गाडीतले सगळे प्लास्टिक एक नव्हे. प्रत्येकाची जात वेगळी आणि औषधही वेगळे. एकाला जे चिकटते ते दुसऱ्यावरून पापुद्र्यासारखे सुटते. "फेविक्विक लावले, दोन दिवसांत निघाले" ही तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचे कारण हेच.

ओळखायचे कसे? पॅनेल काढून उलटे करावे. पाठीमागे दोन कोनी कंसांच्या मध्ये लहान इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला हाताशी घ्यावे, टॉर्च धरायला आणि अक्षरे वाचायला. पीपी असे लिहिले असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. पीपी-टीडी२० असेल तर त्यात २० टक्के शंखजिऱ्याची पूड मिसळलेली आहे. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर ती कडक जात. पीव्हीसी म्हणजे रेक्झीनचे भावंड.

अक्षरे झिजली असतील तर दुसरी परीक्षा पाण्याची. लहानसा कपचा पाण्यात टाकावा. साधे पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, ते तरंगते. एबीएस बुडते. मात्र शंखजिरे मिसळलेले पीपीही बुडू शकते, म्हणून कपचा बुडाला एवढ्यावरून ते एबीएसच आहे असे ठरवू नये. तिसरी परीक्षा कानाची. एबीएसवर टिचकी मारली तर टणक आवाज येतो, पीपीचा आवाज बसका. ही परीक्षा आपल्याच वस्तीतले प्लास्टिक निवडणारे भाऊ-बहिणी रोज करतात. ढिगातला तुकडा उचलला, वाजवला, वाकवला आणि योग्य पोत्यात टाकला, इतक्या सहज. जग त्यांना कचरेवाले म्हणते. गाडीच्या दुकानातल्या काउंटरवर बसलेल्या माणसाला जी ओळख नाही, ती त्यांच्या बोटांत आहे. शंका आली तर त्यांनाच विचारावे, आणि विचारताना मानाने विचारावे. जाळून वास घेण्याची चाचणी मात्र कुणी करू नये, त्या धुराविषयी वर लिहिलेच आहे.

एबीएसची दुरुस्ती

एबीएसला तडा गेला असेल तर काम सोपे आहे. भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. ॲसिटोन नावाच्या द्रवात एबीएस विरघळते. म्हणून त्याच जातीचे भंगारातले बारीक कपचे काचेच्या बाटलीत थोड्या ॲसिटोनमध्ये भिजवून दाट खळ करावी आणि ती तड्यावर पाठीमागून भरावी. द्रव उडून जातो आणि जोड मूळ प्लास्टिकचाच होतो. एक दिवस हात लावू नये. दर्शनी बाजूला थेंब पडू देऊ नये, तिथला पोत वितळून डाग पडतो.

क्लिप बसण्याचे कान मोडले असतील तर खायचा सोडा उपयोगी पडतो. मोडक्या जागी सोडा भुरभुरावा आणि त्यावर फेविक्विकचा थेंब सोडावा. काही सेकंदांत दगडासारखे होते, मग कानसीने आकार द्यावा. हे मिश्रण चटकन गरम होते आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून तोंड वर धरून काम करू नये.

ॲसिटोन पेट्रोलसारखे पेट घेते. ते घरात, स्टोव्हजवळ, बिडी ओढत किंवा बंद गाडीत वापरू नये. पॅनेल काढून ओट्यावर, उघड्या हवेत बसावे आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

पीपीची दुरुस्ती

पीपीवर ॲसिटोनचा परिणाम होत नाही आणि साधा गोंद टिकत नाही. त्याला वितळवूनच जोडावे लागते. यासाठी रेडिओ दुरुस्तीचा काविया पुरतो. प्रथम तडा जिथे संपतो तिथे दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग पाठीमागून तड्यावर आडव्या स्टेपलरच्या पिना ठेवून कावियाने तापवून आत बसवाव्यात, जखमेला टाके घालतात तशा. त्यावर पीपीचीच पट्टी वितळवून भरावी. पट्टी कुठून आणायची? स्वयंपाकघरातील फुटलेल्या डब्याच्या बुडाशी त्रिकोणात पाचचा आकडा असेल तर तो डबा पीपीचाच. प्लास्टिक वितळले पाहिजे, करपता कामा नये. तपकिरी धूर निघाला की कावियाची उष्णता जास्त झाली असे समजावे. हेही काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

पीपीला रंग द्यायचा असेल तर आधी त्यावर रंग धरून ठेवणारा खास प्रायमर लागतो. रंगाच्या दुकानात "प्लास्टिकचा प्रायमर, पीपीवर चालणारा" असे स्पष्ट सांगावे. तो न मारता दिलेला रंग नखाने निघतो.

बारीकसारीक दुखणी

पॅनेल वाकून पांढरी रेघ पडली असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू शेक द्यावा, रेघ बरीच विरते. चिकट झालेला मखमली थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून काढता येतो. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावे. मीटरवरच्या पारदर्शक झाकणाला मात्र अल्कोहोल, थिनर, ॲसिटोन काहीही लावू नये, ते आतून चिरत जाते. त्यावरचे बारीक ओरखडे प्लास्टिकच्या पॉलिशने किंवा पांढऱ्या टूथपेस्टने मऊ फडक्यावर हलके घासून कमी होतात.

स्टिकर किंवा दुहेरी टेपचा चिकटा राहिला असेल तर आधी शेक द्यावा, मग खाद्यतेलाचे बोट फिरवून चिकटा सोडवावा आणि लगेच साबणाच्या पाण्याने पुसावे. राखाडी पडलेल्या काळ्या प्लास्टिकला पाण्याच्या पायावर बनलेले पॉलिश लावावे. तेलकट चमकणारे नको. त्याचा उजेड समोरच्या काचेत उमटतो आणि रस्ता दिसत नाही. स्टिअरिंगवर आणि पायाखालच्या पेडलवर तर कोणतेच पॉलिश नको.

पॅनेल काढताना लोखंडी स्क्रू ड्रायव्हर खुपसू नये. आइसक्रीमची काडी किंवा बांबूची चपटी कामटी वापरावी. थंडीत किंवा सकाळी लवकर प्लास्टिक ठिसूळ असते, थोडा शेक देऊन मगच ओढावे. तुटलेल्या क्लिपा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या मिळतात. जुनी क्लिप नमुन्याला बरोबर न्यावी.

जिथे हात लावायचा नाही

इथवर वाचून कुणी काविया घेऊन बसण्याआधी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. जिथे एअरबॅग आहे तिथे दुरुस्ती नाही. २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासमोरची आणि २०२१ पासून शेजारच्या आसनासमोरचीही एअरबॅग सक्तीची झाली आहे. स्टिअरिंगचा मधला भाग, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवरचे झाकण आणि काही गाड्यांत खांबांवरची कव्हरे ही ठरलेल्या जागी फाटण्यासाठीच बनवलेली असतात. तिथे खळ भरली, टाके घातले किंवा वरून रेक्झीनचे जाड कव्हर ताणून बसवले, तर अपघाताच्या क्षणी पिशवी उघडणार नाही किंवा वाकडी उघडेल. आसपास पिवळ्या वायरी किंवा पिवळे जोड दिसले की थांबावे आणि अधिकृत कारागिराकडे जावे. इथे "पीस बदला" हे वाक्य खरे आहे. इथे काटकसर करू नये.

याच जागेविषयी आणखी एक बोलायचे आहे, आणि ते आपल्या घरांशी संबंधित आहे. आपल्या पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवर भगवान बुद्धांची मूर्ती किंवा बाबासाहेबांची फ्रेम असते. ती असावी, सकाळी गाडी सुरू करताना तिच्याकडे पाहून मन स्थिर होते. पण ती डाव्या बाजूला एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली असेल तर अपघातात काय होईल? पिशवी पापणी लवण्याआधी, ताशी सुमारे ३०० किलोमीटरच्या वेगाने उघडते आणि वर ठेवलेली टणक वस्तू समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर फेकते. त्या आसनावर पुष्कळदा आपली बायको किंवा म्हातारी आई असते. म्हणून त्या झाकणावर कोणतीही टणक वस्तू नको. मूर्ती घरी ठेवावी आणि गाडीत, एअरबॅगपासून दूर, लहानसे कागदी चित्र लावावे. आदर वस्तूच्या वजनावर मोजला जात नाही.

हिशेबाची बाजू

आमचा जन्म खर्डेघाशीत गेला, म्हणून हिशेबाचे दोन शब्द. वाणिज्य शाखेत घसारा शिकवतात. गाडीची किंमत दरवर्षी वहीत कमी होत जाते, ती कुणाला थांबवता येत नाही. पण विकताना गिऱ्हाईक इंजिनाआधी दरवाजा उघडते आणि आत पाहते. फाटका डॅशबोर्ड दिसला की "गाडी वापरून टाकलेली आहे" असे ठरवून ते भाव पाडते. इंजिन उत्तम असले तरी. आतली नीटनेटकी दुरुस्ती हा त्या अर्थाने खर्च नाही, भांडवलाची राखण आहे. उलट कर्जाचे हप्ते चालू असताना एका तुटलेल्या क्लिपपायी अख्खे पॅनेल विकत घेणे म्हणजे हप्त्याच्या पैशाला भोक पाडणे. दुरुस्ती घरी करायची नसेल तरी चालेल. पण दुकानात जाताना "हे एबीएस आहे, जोडता येईल ना?" एवढा प्रश्न विचारून पाहावा. गिऱ्हाइकाला माल कळतो, हे दिसले की दुकानदाराची भाषा बदलते.

आणि ज्यांच्या घरात हाताला वळण असलेली मुले-मुली आहेत, त्यांच्यासाठी यात रोजगारही आहे. आयटीआयमध्ये प्लास्टिक प्रक्रियेचा अभ्यासक्रम आहे. १९६८ साली सुरू झालेली केंद्र सरकारची सिपेट ही संस्था प्लास्टिकचेच शिक्षण देते, आणि तिचे एक केंद्र मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावी-बारावीनंतर काय, असे विचारणाऱ्या पालकांनी तिकडेही चौकशी करावी.

ज्या प्लास्टिकच्या ढिगाशेजारी आपण दिवस काढले, त्याची पारख आपल्या वस्तीला आहे. डेंटरला पत्र्याची विद्या होती म्हणून त्याला मिस्त्री म्हणत. प्लास्टिकची विद्या ज्यांच्याकडे आहे त्यांनाही तोच मान आणि तीच मजुरी मिळाली पाहिजे. तोवर येत्या रविवारी गाडी धुताना सैल झालेले एखादे पॅनेल काढावे, उलटे करावे आणि पाठीवरची अक्षरे वाचावीत. सुरुवातीला तेवढे पुरे.